११ मिलिमीटरचा फरक: एका आरसी पिकअपच्या बॉडीचं प्रकरण

मे महिन्यातल्या एका दुपारी आमच्या खालच्या मजल्यावरचा पोरगा मिक्सरचं रिकामं खोकं घेऊन दारात उभा, आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली आरसी म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या पिकअपची बॉडी, १:१० स्केलची, आणि पहिलं वाक्य "दादा, परत तडकली". दहावीची परीक्षा संपल्यावर आजोबांनी दिलेल्या पैशातून त्यानं ही गाडी सेकंडहँड घेतली होती, चेसिस वेगळ्या माणसाकडून आणि बॉडी वेगळ्या माणसाकडून, कारण दोन्ही एकत्र घेतली तर बजेटमध्ये बसत नव्हती. हे मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं, आणि सगळं प्रकरण नेमकं ह्याच गोष्टीत होतं. म्हणून आता अगदी सुरुवातीला लिहितोय.

बॉडीची अवस्था अशी होती. केबिन जिथं संपते आणि मागचा हौदा सुरू होतो तिथं डाव्या बाजूला वरून खाली सरळ चीर, जवळजवळ ४ सेंटीमीटर, तिच्यावर आधीच्या मालकानं फेविक्विक आणि खायचा सोडा घालून केलेला पांढरा दगडासारखा थर, आणि चीर त्या थराच्या बरोबर कडेनं परत उघडलेली. छपराला मधोमध पोचा, कारण गाडी उन्हात उभ्या कारच्या मागच्या फळीवर ठेवली होती आणि तिच्यावर कुणीतरी दप्तर टाकलं. पुढची काच धुरकट पांढरी. मागच्या दोन्ही बॉडी स्क्रूंच्या भोकांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा. आणि ती भोकं गोल नाहीत, लांबट, कडा वितळलेल्या, म्हणजे कुणीतरी सोल्डरिंग आयर्न घालून ती मागं ओढलेली.

आता हे सगळं एका ओळीत वाचलं की कुणालाही वाटेल की उत्तर समोरच आहे. मला त्या दिवशी फक्त चीर दिसली, तीच मोठी होती ना.

पहिलं काम प्लास्टिक ओळखायचं. आरसीत दोन प्रकारच्या बॉड्या जास्त चालतात, एक पातळ पारदर्शक लेक्सानची जी आतून रंगवतात, आणि दुसरी हार्ड बॉडी, जाड, साच्यात ओतलेली, खऱ्या गाडीसारखी दारांच्या रेघा वगैरे असलेली, ती बहुतेक वेळा एबीएस किंवा स्टायरीन. लेक्सान म्हणजे पॉलिकार्बोनेट, १९५३ साली जर्मनीत बायरमध्ये आणि अमेरिकेत जीईमध्ये दोघांनी वेगवेगळं शोधलेलं, मार सहन करण्यात त्याला तोड नाही पण अ‍ॅसिटोन लागलं की पांढरं पडतं आणि जाळीजाळीनं फुटतं. एबीएसला तेच अ‍ॅसिटोन विरघळवतं आणि त्यामुळंच ते जोडता येतं. म्हणजे एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष. ह्या पोराला कुणीतरी सांगितलं होतं की आतून जाळीची फायबर टेप लाव आणि वरून बुटाचा रबरी गोंद फास, ते लेक्सानसाठी अगदी बरोबर आहे कारण लेक्सान लवचिक असतं आणि जोडही लवचिकच लागतो, पण दोन मिलिमीटर जाडीच्या हार्ड बॉडीला तो गोंद नुसता चिकटून बसतो, ताकद काही देत नाही.

बंपरच्या आतल्या बाजूला कोनी कंसात एबीएस अशी अक्षरं होती, पण आधीच्या मालकानं काय काय बदललं असेल ह्याचा भरवसा नव्हता म्हणून मी कापलेला एक कण पाण्याच्या ग्लासात टाकला. बुडाला. मग त्यात मीठ घालत गेलो, ढवळत, चार चमच्यांनंतर तो हळूच तळातून सुटला आणि वर आला. पॉलिप्रॉपिलीन असतं तर साध्या पाण्यावरच तरंगलं असतं आणि पॉलिकार्बोनेट इतक्या मिठानं वर आलं नसतं. मग आतल्या बाजूला, बाहेरून दिसणार नाही अशा ठिकाणी कापसाच्या काडीनं अ‍ॅसिटोनचा एक टिपका, पाच सेकंदांत बोटाला चिकट लागलं. एबीएस, शंका नाही. हा अर्धा तास कुणी वाचवू नये.

अ‍ॅसिटोन रविवार पेठेत केमिकलच्या दुकानात सुटं मिळतं. नेलपॉलिश रिमूव्हर घेऊ नका, त्यात पाणी, तेल, सुगंध असतो आणि बरेचसे आता अ‍ॅसिटोनशिवायचेच येतात. जोडायच्या लगद्यासाठी एबीएस हवं, त्यासाठी मी रविवारी जुन्या बाजारात जाऊन एका मॉनिटरचं मागचं झाकण आणलं ज्याच्या आत एबीएस लिहिलेलं होतं. थ्रीडी प्रिंटरची एबीएस तारही चालते, फक्त पीएलए नको, ते अ‍ॅसिटोनमध्ये असं विरघळत नाही. झाकणाचे तांदळाएवढे तुकडे करून काचेच्या बाटलीत पाव बाटली भरायचे, वर बुडेपर्यंत अ‍ॅसिटोन, झाकण घट्ट, रात्रभर ठेवायचं. सकाळी काकवीसारखं दाट झालं की समजायचं जमलं. हे सगळं गॅलरीत, गॅसची शेगडी आणि देवघरातला दिवा दोन्हीपासून लांब, कारण अ‍ॅसिटोनची वाफ थंडीतसुद्धा पेट घेते आणि ती जड असते, जमिनीलगत पसरत जाते.

मग मी जे केलं ते पद्धतीप्रमाणे अगदी बरोबर केलं. सोड्याचा थर खरवडून काढला. चीर जिथं संपते असं वाटतं त्याच्या एक मिलिमीटर पुढं दीड मिलिमीटरचं भोक पाडलं, कारण चिरेचं टोक सुईसारखं टोकदार असतं आणि सगळा ताण त्या टोकावर येतो, भोक पाडलं की टोक गोल होतं आणि चीर पुढं सरकायची थांबते. दोन्ही बाजूंनी ब्लेडच्या पाठीनं खरवडून इंग्रजी व्ही सारखी खाच केली. ब्रशनं अ‍ॅसिटोन, मिनिटभर थांबून लगदा, पहिला थर पातळ, दुसऱ्या दिवशी दुसरा, तिसऱ्या दिवशी तिसरा, कारण अ‍ॅसिटोन उडून गेलं की लगदा आकसतो आणि एकाच जाड थरात भरला तर वरून सुकतो आणि आत ओलाच राहतो. आतून त्याच झाकणातली एक मिलिमीटरपर्यंत घासलेली पट्टी आडवी चिकटवली. दोन दिवस हात लावला नाही. नंतर दोन्ही हातांनी पिळून बघितलं, काही हललं नाही.

पोरगा खूष, मी खूष.

दोन रविवारांनी तळजाईच्या टेकडीवर गेलो, पाचगावकडच्या बाजूला जिथं खडक उघडे पडलेत तिथं. गाडी पडली नाही, आपटली नाही, कशाला घासलीसुद्धा नाही. एका खडकावर पुढचं उजवं चाक चढलं, मागचं डावं खळग्यात, चेसिस पिळवटली आणि "टक्". इतकाच आवाज. उचलून बघितलं तर माझा जोड जसाच्या तसा, आणि त्याच्या सहा मिलिमीटर मागं, हौद्याच्या बाजूला, नवी कोरी चीर. जोडाला समांतर.

मला त्या क्षणी खरंच वाईट वाटलं, बॉडीबद्दल तर वाटलंच, पण जास्त वाटलं पोराच्या चेहऱ्याकडं बघून, कारण तो काहीच बोलला नाही, नुसती गाडी पिशवीत ठेवली आणि रिमोट बंद केला. घरी येताना पद्मावतीपर्यंत आम्ही गप्पच.

संध्याकाळी त्याचे आजोबा वर आले. टेल्कोत पॅटर्न शॉपला होते ते, ओतकामासाठी लाकडाचे नमुने बनवायचे, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली पण हात अजून तसेच, जाड आणि स्थिर. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बॉडी चेसिससकट डोळ्यांसमोर आडवी धरली आणि चीर बघितलीच नाही. मागचं चाक बघितलं.

"हे चाक कमानीच्या मधे का नाहीये रे?"

खरंच नव्हतं. पुढचं चाक कमानीत बरोबर मधोमध, मागचं चाक मागच्या कडेला टेकायला आलेलं, टायरच्या रबराचा काळा डाग कमानीला आतून लागलेला. मी ही गाडी महिनाभर हाताळत होतो. मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हर मागितला आणि मागचे दोन बॉडी स्क्रू अर्धा अर्धा आटा करत सैल केले. शेवटच्या आट्याला बॉडी स्वतःहून पुढं सरकली. अगदी डोळ्याला दिसेल इतकी, तीन मिलिमीटर. आणि नवी चीर जी उघडी होती ती आपोआप मिटली.

"तडा जातोय म्हणजे कुठंतरी ओढ आहे," ते म्हणाले, "तू तडा बुजवलास, ओढ तशीच ठेवलीस. मग ती शेजारी जाणारच, तुझा जोड जास्त मजबूत आहे ना."

व्हर्निअर काढला. बॉडी ३१३ मिलिमीटर व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर), चेसिस ३२४ ची. हे दोन्ही क्रॉलरमधले, म्हणजे खडकांवर चढवायच्या आरसी गाड्यांमधले, नेहमीचे आकडे आहेत, ज्यांना माहितेय ते खरेदी करताना पहिलं हेच विचारतात. फरक ११ मिलिमीटर. आधीच्या मालकानं ८ मिलिमीटर भोकं लांबवून भरून काढले आणि उरलेले ३ स्क्रूनं ओढून. म्हणजे ही बॉडी कपाटात नुसती ठेवलेली असतानाही चोवीस तास ताणलेलीच होती, आणि प्लास्टिकला सतत ताण म्हणजे धातूपेक्षा फार वाईट, ते हळूहळू सरकत राहतं आणि सगळ्यात अरुंद जागी सुटतं. सगळ्यात अरुंद जागा म्हणजे केबिन आणि हौदा ह्यांच्यामधली मान.

भोकांभोवतीच्या जाळीचंही कारण तेव्हा कळलं. स्क्रूच्या आट्यांत निळसर वाळलेलं काहीतरी होतं, थ्रेड लॉकर. स्क्रू ढिले होतात म्हणून कुणीतरी लावलं असणार. ते धातूत धातू जाताना वापरायचं द्रव आहे, एबीएस आणि पॉलिकार्बोनेटला ते लागलं, आणि वर ताण असला, की तिथून बारीक चिरा फुटायला लागतात. बऱ्याच जणांच्या बॉड्यांचे माउंट असेच गेलेत आणि ते मार लागला म्हणून गेले असं समजून बसलेत. प्लास्टिकजवळ थ्रेड लॉकर नको, नायलॉक नट वापरा, आत नायलॉनची कडी असलेला.

आता काय करायचं. सगळ्यात सोपा उपाय चेसिस आखूड करायचा, वेगळ्या मापाच्या लिंक्स (एक्सल चेसिसला धरणाऱ्या दांड्या) आणि मधला ड्राइव्ह शाफ्ट लावून ते होतं, आणि मला विचाराल तर ज्याच्याकडं ते पार्ट आहेत त्यानं तेच करावं. आमच्याकडं नव्हते, मागवायला वेळ आणि पैसे दोन्ही, आणि पोराला लांब व्हीलबेसच हवा होता कारण चढावर गाडी मागं उलटत नाही. दुसरा उपाय बॉडी मधे कापून ११ मिलिमीटरची पट्टी घालून परत एकसंध जोडायची. मी तीच रेघ मारायला घेतली होती.

आजोबांनी पेन्सिल धरली. "खऱ्या पिकअपला बघितलंयस का कधी? केबिन आणि हौदा जोडलेले असतात का?"

नसतात. मधे फट असते, हात जाईल एवढी. मी ती फट आयुष्यभर रस्त्यावर बघतोय, सिंहगड रोडला भाजीच्या पिकअप रोज पुढं असतात, आणि ती का असते हा विचार केला नव्हता. शिडीसारखी चेसिस खड्ड्यात पिळवटते, पिळवटावीच लागते, नाहीतर चाक जमीन सोडेल. केबिन आणि हौदा एकसंध केले तर पिळवटणारी चेसिस त्या जोडालाच फाडेल. म्हणून दोघांना वेगवेगळं बसवतात, खाली रबर घालून. आमची छोटी चेसिसही शिडीचीच आहे, आणि तळजाईच्या त्या खडकावर तिनं अगदी हेच केलं होतं. ओढीनं ताणलेल्या बॉडीला पीळ बसला आणि ती गेली. खेळण्यात बॉडी एकसंध का असते तर साच्यातून एका तुकड्यात काढणं स्वस्त पडतं आणि सपाट जमिनीवर काही फरक पडत नाही.

मग ठरलं, केबिन आणि हौदा कायमचे वेगळे करायचे. ११ मधले ४ मिलिमीटर मधली फट, म्हणजे खऱ्या मापात ४ सेंटीमीटर, आणि उरलेले ७ हौद्याच्या पुढच्या कडेला वाढवायचे.

कापायची रेघ मारायला चिकटपट्टी बॉडीभोवती पूर्ण फिरवून आणली, टोकं जुळली की रेघ सरळ. बारीक दातांच्या एक्सो ब्लेडनं, हातात फडकं गुंडाळून, हळू, कारण जोर लावला की घर्षणानं एबीएस वितळतं आणि पातं अडकतं. माझा जुना जोड आणि नवी चीर दोन्ही ह्या कापण्याच्या पट्ट्यातच निघून गेली, मागं कोरी कडा राहिली. काचेच्या तुकड्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून दोन्ही कडा त्यावर फिरवल्या, गुण्या लावून बघत बघत. (कापण्यात आणि घासण्यात जेवढं गेलं तेवढं मोजून वाढीव पट्टीत परत धरलं, ह्याची नोंद आजोबांनी खडूनं फरशीवर ठेवली होती.)

खरी मजा पुढं होती. हौद्याची बाजू सपाट नाही, मधोमध एक फुगीर कड जाते आणि खाली आत वळते. ही वाढीव पट्टी जर सपाट लावली तर ती लावलेली म्हणून दहा फुटांवरून दिसणार. तिला तोच बाक द्यायला हवा. मी आधी उकळत्या पाण्यात बुडवून बघितली. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर, पाणी इथं ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि एबीएस मऊ व्हायला लागतं १०५ च्या जवळ, म्हणजे पट्टी थोडी नमते पण बाक पकडत नाही, बाहेर काढली की निम्मी सरळ. मग हीट गन, सगळ्यात कमी सेटिंगवर, वीतभर अंतरावरून सतत हलती.

आजोबांनी तोवर जुन्या चौकटीच्या सागवानाचा ठोकळा घेऊन त्यात हौद्याच्या बाजूचा बाक कोरला होता, दोन संध्याकाळी, पटाशी आणि कानशीनं, आणि मूळ बॉडीपेक्षा बाक किंचित जास्त ठेवला होता. मी विचारलं इतका का, तर म्हणाले गरम केलेली वस्तू गार होताना थोडी परत फिरते, तेवढं आधीच द्यायचं. त्यांच्या कामात ओतीव लोखंड गार होताना साधारण एक टक्का आकसायचं म्हणून त्यांच्याकडं मुद्दाम लांब खुणा केलेली वेगळी पट्टी असायची, त्या पट्टीवरचा एक फूट हा खऱ्या फुटापेक्षा मोठा. तीच पट्टी त्यांनी घरून आणून दाखवली, पितळी, कडा झिजलेल्या.

पट्टी ठोकळ्यावर धरली आणि गरम करत राहिलो. वीसेक सेकंद काहीच होत नाही. मग पट्टीच्या एका टोकाला चमक बदलते, मॅट असलेलं जरा ओलसर दिसायला लागतं, आणि टोक आपल्या वजनानं खाली झुकतं, साबुदाण्याचा पापड तेलात पडल्यावर पहिल्या क्षणी जसा सैल होतो तसं. त्याच क्षणाला गन बाजूला आणि ओल्या फडक्यानं ठोकळ्यावर दाबून धरायचं, गार होईपर्यंत सोडायचं नाही. दोन सेकंद उशीर केला तर बुडबुडे. पहिल्या पट्टीला तसे आलेच, कारण तोवर जून उजाडला होता, हवा दमट, आणि एबीएस हवेतला ओलावा पितं, तो गरम झाला की वाफ होऊन फुगतो. पुढच्या पट्ट्या मी आधी रात्रभर बल्बखाली ठेवल्या, बुडबुडे बंद.

छपराचा पोचाही ह्याच रीतीनं काढला, आतून गोलसर ठोकळा, वरून उष्णता, पण तिथं मी एकदा थांबायला हवं होतं तिथं थांबलो नाही आणि एका कोपऱ्यात रुपयाएवढी जागा लाटेसारखी झाली. साच्यात ओतलेल्या प्लास्टिकमध्ये ओततानाचा ताण गोठलेला असतो, जास्त गरम केलं की तो सुटतो आणि वस्तू स्वतःच वेडीवाकडी आकसते, मग ती परत सरळ होत नाही. ती जागा लांबीनं (पुट्टीनं) भरावी लागली. छपरावर लांबी भरणं मला आवडत नाही, क्रॉलरमध्ये वरचं प्रत्येक ग्रॅम वजन गाडी उलटवायला मदत करतं, म्हणून सुकल्यावर नखाच्या जाडीपर्यंत घासून काढली.

पट्ट्या हौद्याला लावताना नुसत्या कडेला कड चिकटवली नाही, तो जोड कधीच टिकत नाही. आतून २० मिलिमीटर रुंद पट्टी, अर्धी जुन्या भागावर, अर्धी नव्यावर, मधे अ‍ॅसिटोन आणि लगदा, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी दाबून. हौद्याला पुढची भिंत नव्यानं बसवली, केबिनची पाठ बंद केली. मग चार दिवस वाट. ह्या चार दिवसांबद्दल पोरगा रोज विचारायचा, आणि मी रोज सांगायचो की वास येतोय तोवर आत अ‍ॅसिटोन आहे, आज घासलं तर उद्या तिथं खड्डा पडेल.

बसवण्याची पद्धत पूर्ण बदलली. लांबट भोकं लगद्यानं बुजवून आतून चकत्या लावल्या आणि नवी गोल भोकं पाडली, स्क्रूपेक्षा अर्धा मिलिमीटर मोठी. केबिन तीन ठिकाणी टेकते, पुढं दोन आणि मागं मधोमध एक, कारण तीन पायांचं स्टूल कुठंही डुगडुगत नाही आणि पिळतही नाही. हौदा मागं दोन आणि पुढं मधोमध एक. प्रत्येक स्क्रूखाली सायकलच्या ट्यूबचे वॉशर. स्क्रू किती आवळायचा तर वॉशर फुगायला लागला की बस.

काचेची पांढरी धूळ फेविक्विकच्या वाफेची होती, ती वाफ जवळच्या गुळगुळीत पृष्ठभागावर बसते. २००० नंबरचा पेपर पाण्यातून आणि मग कारचं रबिंग कंपाउंड, अर्ध्या तासात पार दिसायला लागलं. परत बसवली साध्या फेविकॉलनं, सुकल्यावर पारदर्शक होतो, काच धुरकटत नाही, आणि उद्या काढायची झाली तर निघते.

रंगाला जुलै लागला आणि तिथं आठवडा गेला. संध्याकाळी पावसाची रिपरिप चालू असताना प्रायमर मारला आणि पाच मिनिटांत त्यावर दुधासारखी साय आली. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं दव त्यावर बसतं. सगळं ६०० नंबरनं घासून काढलं आणि मग ऊन पडेल त्या दुपारची वाट बघितली, बॉडी आणि स्प्रेचा डबा दोन्ही खिडकीत कोमट करून पातळ पातळ चार हात. रंग पोरानं निवडला, एसटीचा लाल. नंबर प्लेट एमएच १२ ची, पुण्याची, आजोबा म्हणत होते आयुष्य पिंपरीत गेलं, १४ टाक, शेवटी पुढं १२ ठेवली आणि मागं १४.

बॉडीचं वजन आधी ६४० ग्रॅम भरलं होतं, आता ६७१. वाढलेलं बहुतेक सगळं खाली हौद्यात आहे म्हणून मला ते चालतं.

ऑगस्टमध्ये पाऊस थांबलेल्या एका सकाळी त्याच खडकावर गेलो. आजोबाही आले होते, छत्री टेकत. पोरानं मुद्दाम तीच ओळ धरली, पुढचं उजवं वर, मागचं डावं खाली, आणि गाडी तिथंच थांबवली. आम्ही तिघं खाली वाकलो. चेसिस पिळवटलेली आणि फट वरच्या टोकाला एका बाजूनं दोन मिलिमीटर झालेली, दुसऱ्या बाजूनं सहा. केबिन एका कोनात, हौदा दुसऱ्या कोनात, मागचं चाक कमानीच्या मधोमध. पोरानं गाडी हळूच पुढं घेतली, फट परत चार.

एक गोष्ट अजून नीट झालेली नाही. उजव्या मागच्या भोकाजवळ थ्रेड लॉकरच्या त्या जाळीतली एक रेघ मी खरवडताना पूर्ण काढू शकलो नाही, ती चकतीच्या बाहेर नखभर आलेली आहे. तिच्या टोकाला आतून पेन्सिलीनं आडवी खूण केली आणि शेजारी तारीख लिहिली, १४ ऑगस्ट. दर दोन आठवड्यांनी पोरगा बॉडी काढून बॅटरीच्या उजेडात बघतो आणि मला फोटो पाठवतो. परवाच्या फोटोत रेघ खुणेच्या अलीकडंच होती.